काटा स्थिर होईपर्यंत

१२ जानेवारी

माझ्या भिंगरीला मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते असं तुझे काका म्हणतात, तेव्हा आपलं पत्रच बरं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांच्या उजव्या पायात आता हळूहळू जोर येतोय. उजवा हात मात्र अजून थरथरतो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, आता चहाचा कप उचलताना त्या हाताकडे असा बघतो की जणू तो शेजाऱ्याकडून मागून आणलाय. डॉक्टर म्हणतात, रोज थोडं लिहा. हे विचारतात, काय लिहू? मी म्हटलं, देवाचं नाव लिहा. तर म्हणाले, "असलं अक्षर त्याला दाखवायची लाज वाटते." झालं, विषय संपला.

आता कामाचं. आठवड्यातून तीनदा आम्ही उपचार केंद्रात जातो हे तुला ठाऊक आहेच. तिथे रुग्णांना चालवायला एक लांब पॅसेज केलाय. भिंतीला धरायला दांडी, वर भरपूर उजेड, सगळं छान. पण फरशी बसवलीय ती अशी चकचकीत की वाकून बघितलं तर भांग पाडता येईल. मला तर बघूनच धडकी भरली. व्यवस्थापकांना म्हटलं तसं. ते म्हणाले, "आजी, कंपनीने हमी दिलीय." मी म्हटलं, "हमी कंपनीने द्यायची आणि पडायचं आम्ही!" मग सांगितलं की माझी भाची हेच काम करते, पायाखालची फरशी किती निसरडी आहे ते यंत्राने मोजते. आधी हसले. पण माणूस भला आहे. तुझ्याकडून लेखी येईपर्यंत पॅसेजला दोरी बांधून ठेवतो म्हणाले. उरलेल्या फरशांपैकी सहा दिल्यात, त्या सोबत पाठवतेय. जुन्या चादरीत गुंडाळल्यात. चादर परत पाठव, अजून चांगली आहे.

खोक्यात काकांचे जुने बूटही आहेत. तू लिहिलं होतंस ना, यंत्राच्या पायाला चामड्याचा तुकडा लावतात म्हणून? या बुटांचा तळ अस्सल चामड्याचा आहे आणि मला ते टाकवत नव्हते. हवा तेवढा काप. काकांना विचारलेलं नाही. ते गेले आठ दिवस बूट शोधतायत.

डोळ्यांना जप, वेळेवर जेव.

तुझी मावशी

*

२ फेब्रुवारी

मावशी, तुला वाकून नमस्कार. काकांनाही, आणि त्यांच्या बुटांबद्दल त्यांची वेगळी माफी.

खोकं उघडलं तेव्हा अख्खी प्रयोगशाळा माझ्या टेबलाभोवती जमली होती. फरशीचा एकही कोपरा उडाला नव्हता. "कुणी बांधलंय हे?" आमच्या भांडारपालांनी विचारलं, "त्यांना आमच्याकडे नोकरीला बोलवा." बूट मात्र कापले नाहीत. चामडं ठरलेल्या जातीचंच लागतं, वापरलेलं चालत नाही. म्हणून ते माझ्या टेबलावर जोडीने बसलेत आणि मला कामाला लावतात.

आता नीट सांगते, म्हणजे तुला व्यवस्थापकांना समजावता येईल. आमचं यंत्र म्हणजे चार किलोची छोटी गाडी. तिला चाकं नाहीत, तिच्या पोटाखाली एक चपटा तुकडा असतो. फरशीला शिवतो तो तेवढाच, फरशीचा स्वभाव आम्हाला कळतो तो त्याच्यामार्फत, म्हणून त्याला आम्ही सेन्सर म्हणतो. हा तुकडा कशाचा असावा, यावर आमच्याकडे वर्षभर वाद चाललाय. तीन उमेदवार आहेत: चामडं, मऊ रबर आणि बुटाच्या टाचेला असतं तसलं कडक रबर. तिघांची तुलना करून एकाला निवडायचं काम बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, माझ्याकडे दिलंय. तुझ्या फरशा अगदी वेळेवर आल्या.

गाडी फरशीवर ठेवायची, पुढून ताणकाट्याने आडवी ओढायची आणि ती हलते त्या क्षणी काटा बघायचा. जास्त ओढावी लागली तर फरशी पाय धरून ठेवते. चटकन हलली तर माणूस पडणार. आधी कोरड्या फरशीवर, मग ओल्या.

आणि मावशी, इथे तुझीच शिकवण कामी आली. मी लहान असताना तू डाळ मोजायला बसवायचीस आणि मी घाई केली की म्हणायचीस, "काटा स्थिर होऊ दे गं, मग वाच." मी गाडी ठेवते, मनात दहापर्यंत मोजते, सगळं शांत झालं की मगच ओढते. इतर जण ठेवली की ओढली असं करतात, त्यांचे ओल्या फरशीचे आकडे उड्या मारतात. माझे एका ओळीत उभे, शाळेतल्या मुलांसारखे.

निकाल ऐकून तूही चकित होशील. तुमची फरशी ओली असताना कोरडीपेक्षा जास्त धरते! चामड्याला कोरड्यावर दोन किलोची ओढ लागली, ओल्यावर सव्वादोन. मऊ रबराचंही तसंच. कडक रबर तेवढं जिथल्या तिथे. वीस-वीस वेळा केलं.

बाई पंधरा दिवस बाहेरगावी आहेत. मी येईपर्यंत थांब म्हणाल्या होत्या. पण तुझे व्यवस्थापक दिवसाआड पत्र पाठवतायत, आणि पॅसेज बंद म्हणून काका तिकडे अरुंद व्हरांड्यात चालतायत हे मला दिसत राहतं. म्हणून मी त्यांना कळवून टाकलंय: फरशी कोरडी काय, ओली काय, चालायला हरकत नाही.

तेव्हा आता दोरी सोडा आणि काकांना बिनघोर चालवा.

तुझी भिंगरी

*

२६ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतेय आणि काका लिहितायत. डॉक्टरांनी हाताला सराव सांगितलाय, मग निदान कामाचं तरी लिहून होईल. (मी फक्त ओझ्याचा बैल. एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतायत आणि ही थांबायला तयार नाही. — काका)

तुझं पत्र आलं, पॅसेज उघडला. व्यवस्थापकांनी तुझा निकाल सगळ्या रुग्णांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. माझी छाती किती फुगली काय सांगू. सगळे मजेत आहेत.

एक आपलं सहज विचारायचं होतं. काकांच्या काठीला खाली रबराचं बूच आहे. परवा न्हाणीघरात फरशी ओली होती. काठी टेकून लगेच भार दिला तर ती सर्रकन पुढे गेली. पुन्हा टेकली, देवाचं नाव दहादा घेतलं, मग भार दिला, तर जागची हलेना. मला नवल वाटलं. मग मी वीसदा अशी आणि वीसदा तशी करून बघितली. कॅलेंडरच्या मागे दोन रांगा केल्या. लगेचच्या रांगेत सतरा वेळा सरकली. थांबूनच्या रांगेत दोनच वेळा. (काठी माझी. या चाळीस वेळांत मी खुर्चीवर अडकून पडलो होतो. दोनदा हाका मारल्या. उत्तर आलं: "मोजतेय!" — काका)

हे असं का होत असेल? तू शिकलेली आहेस, मी आपली मॅट्रिक. मला एवढंच सुचलं की माणूस चालताना पाय टेकवून दहापर्यंत मोजत बसत नाही.

बाकी क्षेम. चादर मिळाली.

मावशी

*

८ मार्च

मावशी, नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं सांगू? वाईट वाटलं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं काम, जे तुझ्या उपयोगी पडलं, आणि तू त्यावर दोन ओळी लिहून काठीकडे वळलीस. एरवी मी साधी परीक्षा पास झाले तरी चार पानं यायची. माझं काही चुकलं का? की काकांची तब्येत बरी नाही आणि तू लपवतेयस?

काठीचं म्हणशील तर न्हाणीघर आणि प्रयोगशाळा यात फरक असतो. आमच्याकडे सगळं ठरलेल्या पद्धतीने चालतं. रागावू नकोस.

९ मार्च

काल पत्र पाकिटात घातलं, बंद केलं नाही. तुझ्या दोन रांगा डोळ्यांपुढून जाईनात.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गाडी काढली. फरशी ओली केली. ठेवली, दहापर्यंत मोजलं, ओढली: सव्वादोन. पुन्हा ठेवली आणि ठेवता-ठेवताच ओढली. मावशी, ती एका किलोच्याही आत निघाली. ओढायला लागलीच नाही, निसटली.

मी दहा मोजत होते तेवढ्यात तुकड्याखालचं पाणी बाजूला व्हायचं आणि तुकडा फरशीला जळवेसारखा चिकटायचा. मी घसरण मोजतच नव्हते, चिकटणं मोजत होते. माझे एका ओळीत उभे असलेले आकडे एका ओळीत उभं राहून खोटं बोलत होते. इतरांचे उड्या मारणारे आकडेच खरं ओरडत होते आणि मी त्यांना धसमुसळे म्हणत होते.

व्यवस्थापकांना आत्ताच तार केलीय की दोरी पुन्हा बांधा. बाईंना आज सांगणार आहे. काय होईल ते होवो.

पण मला एकच सांग, उलट टपाली सांग. पॅसेज उघडल्यापासून तिथे कुणी पडलं का?

भिंगरी

*

१८ मार्च

भिंगरीस आशीर्वाद.

कुणीही पडलेलं नाही. दोरी बांधली आहे. तू चूक शोधलीस, तूच कळवलीस, याहून मोठी गोष्ट नाही. काकांची तब्येत ठणठणीत आहे, आवाज तर त्याहून. मन शांत ठेव, देवावर हवाला ठेव आणि काम पुरं कर.

मावशी

भिंगरे, आता यापुढचं माझं आहे. ती आत देवापाशी बसलीय. तिचा चष्मा फुटलाय, त्यामुळे मी काय खरडतो ते तिला दिसत नाही, तुझी पत्रंही मीच वाचून दाखवतो. नवा चष्मा का करत नाही विचारशील, तर हाताचं प्लास्टर निघेल त्याच दिवशी एका खेपेत दोन्ही कामं करणार आहे. प्लास्टर कुणाचं, ते आता तू ओळखलं असशील.

पॅसेज उघडला त्याच दिवशी. नुकतंच पुसून घेतलं होतं. सिस्टर म्हणाली, "आजी, ओलं आहे, जरा थांबा." तुझी मावशी मान ताठ करून म्हणाली, "माझ्या भाचीने तपासलीय," आणि पुढे झाली. तिसऱ्या पावलाला घसरली. उजवं मनगट मोडलं. माझ्याआधी पॅसेज बघून यायचा होता तिला.

व्यवस्थापक घाबरले, तर त्यांना म्हणते, "मलाच भोवळ आली, फरशीचा दोष नाही." तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून. पण तेव्हापासून रोज सकाळी गळ्यात हात अडकवून तिथे जायची, डाव्या हाताने फडकं घेऊन ओल काढायची, कोरडं झाल्याशिवाय एकाही रुग्णाला पाय टाकू द्यायची नाही. सिस्टर तिला पहारेकरीण म्हणते.

आणि ते काठीचं प्रकरण सहज नव्हतं. डाव्या हाताने केलंय सगळं. मी म्हटलं, सरळ लिही की पडलीस. तर म्हणाली, "मी पडले म्हणून तिने फरशी नापास करायची नाही. फरशी जशी आहे तशी तिची तिला दिसू दे. ती मोजत असताना मी तागडीत बोट घालणार नाही."

आता मी हे सांगून बोट घातलंच. पण तू आधीच मोजून मोकळी झाली होतीस, म्हणून म्हटलं चालेल.

काका

*

३० मार्च

काका, हे पत्र मोठ्याने वाचायचं. एकही शब्द गाळायचा नाही आणि मध्ये आपलं काही घालायचं नाही.

मावशी, तू खोटारडी आहेस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाईंच्या समोर बसले होते. वाचता-वाचता उठले आणि जिन्यात जाऊन रडले. मग परत आले आणि त्यांना तुझ्या पडण्याचंही सगळं सांगितलं. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन पाया पड, ते तुझं तू बघ. इथे मला ही चूक अहवालाच्या पहिल्या पानावर हवी. काय केलं, का केलं, कसं लक्षात आलं. उद्या दुसरं कुणी दहापर्यंत मोजायला नको." लिहिलंय. पद्धत कुणी शिकवली ते लिहिलेलं नाही, काळजी करू नकोस. पण काठीचे चाळीस प्रयोग लिहिलेत. "एका गृहिणीने स्वतंत्रपणे घेतलेल्या नोंदी." ती गृहिणी कोण, हे माझ्या टेबलावरच्या बुटांमुळे सगळ्यांना माहीत आहे.

गाडी आता ओल्या फरशीसाठी बंद. कोपऱ्यात एक जुनं यंत्र होतं, झोक्यासारखा झुलणारा हात असलेलं. त्याच्या टोकाला तुकडा लावायचा, हात सोडायचा, तो फरशीला घासून पुढे जातो. टेकणं आणि सरकणं एकाच क्षणात, आपल्या टाचेसारखं. थांबायला त्याला सवडच नाही. त्यावर तुमची फरशी ओली असताना कोरडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही धरत नाही. मी तुला तिच्यावर चालायला लावलं.

तिघांचा निकालही लागला. चामडं बाद. ते पाणी पितं, पहिल्या खेपेला एक सांगतं आणि विसाव्याला भलतंच. मऊ रबर अनवाणी पायांसाठी ठेवलंय. बाकी सगळीकडे कडक रबर. कोरडं-ओलं, पहिली खेप-शेवटची खेप, फरशी बदलेल पण ते स्वतः बदलत नाही. थोडं तुझ्यासारखं आहे.

केंद्राने फरशी बदलायचं ठरवलंय. खरखरीत फरशीचे चार नमुने माझ्याकडे आलेत. चारही मी स्वतः तपासतेय, आणि या वेळी बाईंची सही होईपर्यंत एक अक्षर पाठवणार नाही.

मी मे महिन्यात येतेय. तोवर माफ केलंस की नाही ते कळव. हाताने नाही जमलं तर काकांना सांग. ते आता छान लिहितात.

तुझी भिंगरी

*

२४ एप्रिल

माझ्या गुणी लेकराला अनेक उत्तम आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहितेय. ओळी चढावर चालल्यात, समजून घे. प्लास्टर निघालं, चष्माही झाला, एकाच खेपेत. काकांची सगळी पत्रं मागवून वाचायची म्हटली तर ती तुझ्याकडे. आल्यावर दाखव. त्या माणसाने माझ्या नावाखाली काय-काय घुसडलंय ते मला बघायचंय.

माफी कसली मागतेस? काटा स्थिर होऊ दे असं मीच शिकवलं, आणि डाळीपुरतं शिकवतेय हे सांगायचं राहिलं. निम्मी चूक माझी. उरलेली निम्मी तू पहिल्या पानावर लिहून टाकलीस. आता दोघींकडे काही शिल्लक नाही.

खोटारडी म्हणालीस ते मात्र खरं. तुला लपवलं त्याचं मला काही वाटत नाही, पण व्यवस्थापकांशी खोटं बोलले ते टोचत होतं. देवापुढे कबूल केलं, तरी टोचणी जाईना. म्हणजे तिथे कबूल करून भागणार नव्हतं. मग एक दिवस त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, भोवळ-बिवळ काही नव्हती, फरशीवरून घसरले. ते म्हणाले, "आजी, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. भोवळ आलेला माणूस पडता-पडता 'अगं बाई, भिंगरे!' असं ओरडत नाही." मी असं ओरडले होते म्हणे. मला आठवत नाही.

आता काकांचं ऐक. पॅसेजसाठी पाटी हवी होती, फरशी पुसल्यावर ठेवायला. हे आपणहून म्हणाले, मी रंगवतो. दीड वर्षाने ब्रश धरला. तीन दिवस लागले. 'फरशी ओली आहे' एवढीच अक्षरं, पण हात थरथरल्यामुळे सगळी लडबडलेली, एकमेकांवर घसरलेली. हे हिरमुसले, पुसायलाच निघाले होते. तेवढ्यात व्यवस्थापक आले आणि बघतच राहिले. म्हणाले, "वा काका, काय कल्पना आहे! अक्षरं बघूनच माणूस दांडी धरेल!" आता काका भेटेल त्याला सांगतात की ती मुद्दाम तशी काढलीत. तू आलीस की तूही मान डोलव.

काल नवी फरशी उघडली. तुझा अहवाल आला होता, बाईंच्या सहीचा. वाचून दाखवायला कुणाला वेळ नव्हता. सगळे दांडीपाशी रांगेत उभे, आणि कुणाचा पाय उचलत नव्हता. मागचं सगळ्यांनी पाहिलेलं. काकाही काठी टेकून उभे, पण पुढे होईनात.

मग मी सिस्टरला म्हटलं, "फडकं पिळू नकोस, तसंच फिरव." तिने फिरवलं. चांगलं पाणी साचलं. नवा चष्मा नीट बसवला, हात गळ्यातून काढला.

सिस्टर म्हणाली, "आजी, ओलं आहे, जरा थांबा."

मी म्हटलं, "माझ्या भाचीने तपासलीय," आणि पाऊल टाकलं. दहापर्यंत मोजलं नाही.

दुसऱ्या टोकाला पोचून वळून बघितलं, तर काका निम्म्यावर आले होते. काठी सिस्टरच्या हातात होती.

तुझी मावशी